चारित्र्य पडताळणीचा दाखला: ‘माजी पोलिस’ सुपरवायझरसाठी पाचपैकी दोन

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीला आलेलं सुरक्षा एजन्सीचं कोटेशन काढा, ‘सुपरवायझर : माजी पोलिस’ ही ओळ हमखास सापडते. दर गार्डपेक्षा चढा, आणि मागे टाचलेला पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला. साध्या गार्डसाठी हा दाखला ठीक आहे. माजी पोलिसासाठी मात्र पाचपैकी दोनच गुण.

अर्ज ऑनलाइन भरता येतो. ओळखपत्र, राहण्याचा पुरावा, फोटो, नोकरी देणाऱ्याचं लेटरहेडवरचं पत्र. एवढं सुटसुटीत आहे. पुढे पोलिस ठाण्यात गुन्ह्यांच्या नोंदी तपासल्या जातात, आणि गोम तिथेच आहे. दाखला गुन्ह्यांपुरता बोलतो. नोकरी कशी सुटली, यावर अवाक्षर नाही. खातेनिहाय चौकशीत दोषी ठरून बडतर्फ झालेला, पण गुन्हाच दाखल न झालेला माणूस स्वच्छ दाखला घेऊन येतो आणि कमिटी तो फाइलला लावून मोकळी होते.

कायद्यात मात्र संदिग्धता नाही. खासगी सुरक्षा एजन्सी कायदा २००५ चं कलम १० माजी पोलिसांना पसंती द्यायची मुभा देतं, आणि त्याच कलमात गैरवर्तन किंवा नैतिक अधःपतनामुळे बडतर्फ झालेल्याला किंवा सेवेतून काढून टाकलेल्याला गार्ड वा सुपरवायझर नेमायला बंदी आहे. मोडल्यास एजन्सीला २५ हजारांपर्यंत दंड, शिवाय परवान्यावर गदा.

म्हणून दाखल्यासोबत निवृत्तीचा आदेश आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश (पेन्शन पेमेंट ऑर्डर), मागा. पीपीओवर पेन्शनचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचा. ‘नियत वयोमान’, म्हणजे ठरलेल्या वयाला निवृत्ती, असेल तर प्रश्न नाही. ‘अनुकंपा’ दिसलं तर थांबा : सेवेतून काढून टाकलेल्या माणसाला नियमित पेन्शन मिळत नाही, दयेखातर मंजूर होते ती ही. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर भरती झालेल्यांना सहसा जुनी पेन्शन योजना नाही, तिथे पीपीओचा आग्रह फुकट, आदेशच बघायचा.

वयाचा हिशेबही करा. शिपाई ते निरीक्षक निवृत्ती ५८ ला, स्वेच्छानिवृत्ती २० वर्षं सेवा झाल्यावर. चाळिशीतला माणूस १२ वर्षांच्या नोकरीवर ‘निवृत्त’ म्हणत असेल तर बहुधा त्याने राजीनामा दिलाय किंवा त्याला काढलंय. राजीनामा गुन्हा नाही, पण कारण विचारावं. आणि ‘निलंबित होतो, आता इथे आहे’ म्हणणारा तर कागदोपत्री अजून पोलिसच असू शकतो!

माहिती अधिकाराच्या भरवशावर राहू नका. शिस्तभंगाच्या नोंदी ही वैयक्तिक माहिती असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलंय, अर्ज बहुधा फेटाळला जातो. त्यापेक्षा उमेदवाराच्या सहीचं संमतिपत्र जोडून एजन्सीने त्याच्या जुन्या आयुक्तालयाच्या किंवा अधीक्षक कार्यालयाच्या आस्थापना शाखेला (कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारी शाखा) लेखी विचारावं, आणि त्या पत्राची पोचपावती सोसायटीला करारावर सही व्हायच्या आधी द्यावी.