डिकीचे शॉकअप बदलताना: कंपनीचे की जास्त ताकदीचे?

डिकी उघडून सामान काढताना दार खांद्यावर पेलून धरायची सवय लागली असेल, तर शॉकअप, म्हणजे दार वर पेलून धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या गॅसच्या नळ्या आणि त्यांतून सरकणारे दांडे, बदलायची वेळ केव्हाच टळून गेली आहे. माझ्या गाडीचं दार दुपारी निमूट वर थांबायचं आणि पहाटे निघताना हळूहळू डोक्यावर यायचं. नळीतल्या नायट्रोजनचा दाब थंडीत उतरतो. 20 अंशांना 400 न्यूटन जोर देणारा शॉकअप शून्य अंशाला साधारण 370 वर येतो. नव्या जोडीत तेवढी उतार खपून जाते, झिजलेल्या जोडीत नाही. म्हणून पारख करायची तर ती सकाळच्या गारठ्यात करावी. दुपारी सगळेच शॉकअप चांगले वाटतात.

जुन्यातच पुन्हा गॅस भरून घ्यावा असं सुचवणारे भेटतात. मी त्या वाटेला गेलो नाही. गॅस निघून जातो तो बहुधा दांड्याभोवतीचं सील झिजल्यामुळे, आणि सील तेच ठेवून गॅस भरला तर तो पुन्हा तिथूनच जाणार. मग उरतात दोन पर्याय: गाडीच्या कंपनीचा, भाग क्रमांक पाहून घेतलेला शॉकअप, किंवा त्याच मापाचा पण जास्त ताकदीचा म्हणून मिळणारा बाहेरचा. मी दोन्ही वापरले, आणि आधी दुसरा.

त्यामागे विचार होता. जुन्या नळीवर 400 छापलेलं होतं, नवीवर 500. कालांतराने ताकद घटतेच, तर चढ्या आकड्यापासून सुरुवात केलेली बरी, असं मला वाटलं. पहिले काही दिवस समाधानही झालं. कुलूप सुटताच दार स्वतःहून उठायचं, दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी अडायचं नाही. उघडण्यापुरतं बोलायचं तर ही जोडी कंपनीच्या जोडीपेक्षा सरस होती, हे मान्य करायलाच हवं.

पण दार बंदही करायचं असतं. आणि माझा निर्णय तिथेच झाला.

नीट बसवलेल्या शॉकअपचं दार अर्ध्यापर्यंत ओढलं की एका ठिकाणी दाराचं वजन शॉकअपवर मात करतं, आणि तिथून पुढे ते आपल्या वजनानेच खाली येतं. जास्त ताकदीच्या जोडीत ही जागा बरीच खाली सरकते. म्हणजे दार जवळजवळ कुलपापर्यंत ओढतच न्यावं लागतं, आणि मध्येच हात सोडला तर ते पुन्हा वर जातं. दांडा आत जाईल तसा गॅसही आणखी दाबला जातो, त्यामुळे छापलेल्या आकड्यापेक्षा बंद करतानाचा जोर जास्तच असतो. मला दोन हात लावून, शेवटी धाडकन आपटून दार लावावं लागे. माझं मी चालवून घेतलं असतं. पण एकदा आई भाजी ठेवायला गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, "अरे, हे दार माझ्याच्यानं ओढवत नाही. तूच लाव." त्यानंतर ती डिकी उघडेनाशीच झाली, सामान मागच्या सीटवर ठेवू लागली. दोनेक महिने मी हे पाहिलं आणि मग कंपनीची जोडी मागवली.

कंपनीच्या जोडीत डोळ्यांत भरण्यासारखं काही नाही. दार उघडताना सुरुवातीला थोडा हात द्यावा लागतो. वर पोचताना मात्र शेवटची वीतभर वाट ते सावकाश चालतं, आधीच्या जोडीसारखं ठक्‌ करून थांबत नाही. हा फरक मी कशानं मोजलेला नाही, हाताला जाणवला तेवढाच सांगतो. बाहेरचे सगळेच असे असतील असंही नाही. गाड्यांच्या कंपन्या हे भाग बहुतेक स्वतः बनवत नाहीत, स्टॅबिलससारखे उत्पादक ते पुरवतात. अशा उत्पादकाची, जुन्या नळीवरच्याच आकड्याची आणि लांबीची जोडी मिळाली तर मीही ती डोळे झाकून नाही, पण मोकळ्या मनाने घेईन.

बसवण्याच्या कामात दोन्ही सारखेच, अर्ध्या तासाचे. दाराला भक्कम लाकडी टेकू द्यावा आणि शक्यतो आणखी एकाने दार धरावं. एका बाजूचा जुना काढून नवा बसवल्यावरच दुसऱ्या बाजूला हात घालावा. टोकाची स्प्रिंग क्लिप चपट्या पेचकसाने थोडी उचलली की शॉकअपची खोबण गाडीवरच्या गोळ्यावरून सुटते. क्लिप पूर्ण काढायची गरज नसते. बहुतेक गाड्यांत दार बंद असताना दांडा खाली आणि जाड नळी वर येते, म्हणजे आतलं तेल सीलपाशी राहतं. तरी जुना कसा बसवला होता ते पाहूनच नवा लावावा. चकाकत्या दांड्याला पक्कड लावू नये, एक ओरखडा सील फाडायला पुरतो. बदलायचे तर दोन्ही एकदम, नाहीतर दार एका अंगाला पिळतं. आणि काढलेले शॉकअप भोक पाडून किंवा तापवून रिकामे करायला जाऊ नये, मेलेल्या दिसणाऱ्या नळीतही दाब शिल्लक असतो.

दारावर वजनदार स्पॉयलर किंवा सायकलचा कॅरिअर कायमचा असेल, तर हिशेब वेगळा होतो. तिथे चढा आकडा ही गरजच असू शकते. माझी ती काढलेली जोडी आता एका मित्राच्या त्याच मॉडेलच्या गाडीवर आहे. त्याच्या दारावर कॅरिअर असतो, आणि ते एका हाताने लागतं. आमच्याकडे आई पुन्हा भाजी डिकीत ठेवते आणि दारही तीच लावते.