रॅचेटचा टी-टॅप रेंच (एम३ ते एम८): काही महिन्यांच्या वापरानंतर

टॅप म्हणजे भोकात आटे पाडणारं हत्यार, आणि हा रेंच तो धरून फिरवतो. एम३ ते एम६ चे (३ ते ६ मिमी व्यासाच्या स्क्रूचे) आटे हाताने पाडायला याच्याइतकं सोयीचं हत्यार नाही. एमएसमध्ये (माइल्ड स्टील, साधं पोलाद) एम८ पाडायचा असेल तर मात्र लांब दांड्याचं साधं टॅप हँडलच घ्या.

बारीक टॅपला आखूड दांडाच हवा. एम४ चा टॅप लांब हँडलला लावला की जोर किती पडतोय ते हाताला कळत नाही आणि टॅप भोकातच तुटतो. इथे टॅप जड झाला की लगेच जाणवतं.

रॅचेट म्हणजे दांडा एकाच दिशेने पकड घेतो, उलटा फिरवला की मोकळा येतो. त्याच्या बटणाला तीन जागा आहेत: उजवी, डावी आणि मधली लॉकची, जिथे टॅप दोन्हीकडे दांड्याबरोबरच फिरतो. रॅचेट आहे म्हणून सगळं काम रॅचेटवर करू नका. अर्धा फेरा पुढे गेलं की पाव फेरा मागे यायचं, म्हणजे चिप (कापलेल्या धातूची कात्रण) तुटते. रॅचेटवर मात्र नुसता दांडा मागे येतो, टॅप जागचा हलत नाही. चिप लांबत जाऊन टॅपच्या खाचांत कोंबली जाते. जागा मोकळी असेल तर बटण मधेच ठेवा. दांडा पूर्ण फिरत नाही अशा कोपऱ्यातच रॅचेट वापरा, आणि तिथेही अधूनमधून बटण उलटवून टॅप मागे घ्या.

टॅपच्या शेपटीचा चौकोन जबड्यांच्या खाचेत बसायलाच हवा. गोल भागावर पकडलात तर जबडे घट्ट करणारी कॉलर कितीही आवळा, टॅप घसरणारच. जबड्यांत थोडा खेळ असतो, म्हणून दोन फेऱ्यांनंतर गुण्या लावून दोन्ही बाजूंनी काटकोन बघा. वाकडा असेल तर तेव्हाच सुधारतो, नंतर नाही.

भोकाचं माप चुकलं तर रेंच काय करणार? एम५ ला ४.२ मिमी, एम६ ला ५.० मिमी ड्रिल. एमएसमध्ये एम६ ला ५.१ घेतलं तरी आट्याची ताकद फारशी घटत नाही, टॅप मात्र हलका चालतो. एमएसला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल, बीड (ओतीव लोखंड) कोरडंच. बंद भोकात टॅप मधूनमधून पूर्ण बाहेर काढून चुरा झटका.

सरकता दांडा मध्यावरच ठेवा. एका बाजूला ओढलेला दांडा टॅपला तिरका रेटतो. वापराने बटण थोडं सैल झालंय, आणि एमएसमध्ये एम८ ला जोर दिला की रॅचेटचा दात कधीकधी सुटतो. कॉलर उघडून ब्रशने चुरा काढा आणि पातळ तेलाचा एक थेंब सोडा. ग्रीस नको, त्यात चुरा चिकटून जबडे अडकतात.