रंगाखालचा कागद, मातीआतली तार

कलाशिक्षण सुरू झालं की पहिल्या खरेदीत एक चूक हमखास होते. २४ रंगांची डबी येते, मातीचा भला मोठा गठ्ठा येतो, ब्रशांचा अख्खा संच येतो. कागद आणि तार मात्र 'मिळेल ते चालेल' म्हणून उचलली जाते. जलरंगाचं चित्र आणि शिल्प बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. म्हणून या परीक्षणात जे चित्रात आणि पुतळ्यात दिसत नाही, त्यालाच जास्त जागा दिली आहे.

आधी कागद. '३०० जीएसएम' हा आकडा प्रत्येक पॅडवर ठळक छापलेला असतो, पण तो फक्त वजन सांगतो: एक चौरस मीटर कागद ३०० ग्रॅम भरतो. कागद कशाचा बनला आहे ते त्यातून कळत नाही. लाकडाच्या लगद्याचा आणि शंभर टक्के कापसाचा, दोन्ही कागद ३०० जीएसएमचेच असले तरी पाणी लागलं की दोघांची वागणूक पार वेगळी होते.

कॅन्सन एक्सएलसारखा लगद्याचा कागद सरावाला चांगला. रंगांचे नमुने, छटांच्या पट्ट्या, झटपट रेखाटनं यासाठी तोच घ्या. महाग कागदावर हात आखडतो आणि सराव होत नाही. पण या जातीच्या कागदावर ओल फार वेळ टिकत नाही. आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) अर्ध्यावर येईतो वरची कड सुकायला लागते, आणि तिथे पुन्हा ब्रश टेकवला की फुलकोबीसारखी कडा उमटते. दुसरा थर देताना पहिला सुटून वर येतो, दोन्ही मिसळतात आणि रंग मळतो. मास्किंग फ्लुइड (जिथे रंग लागू द्यायचा नाही तिथे लावायचा रबरी द्रव) फार वेळ ठेवलं तर काढताना कागदाचा पापुद्राही निघतो.

कापसाच्या कागदावर हीच कामं निवांत होतात. फ्रान्समधल्या १४९२ सालच्या गिरणीचा आर्चेस किंवा इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या सेंट कथबर्ट्स मिलचा सॉन्डर्स वॉटरफर्ड, दोन्ही कापसाचे आणि जिलेटिनचं सायझिंग केलेले. सायझिंगमुळे पाणी एकदम आत शोषलं जात नाही, रंग वरच्या तंतूंवर राहतो आणि तजेलदार दिसतो. ओल्यावर ओलं काम करायला पुरेसा वेळ मिळतो, आणि तीन-चार थर चढवले तरी खालचा थर जागचा हलत नाही. एक तोटाही सांगायला हवा: रंग तंतूंमध्ये घट्ट बसत असल्यामुळे चुकलेला ठिपका उचलून काढणं काही वेळा लगद्याच्या कागदापेक्षा अवघड जातं. तरीही परीक्षेच्या किंवा प्रदर्शनाच्या चित्रासाठी कापसाचाच घ्यावा, असं ठाम मत आहे. पृष्ठभाग कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खडबडीत. हॉट प्रेस गुळगुळीत असतो, बारीक वनस्पतिचित्रणाला उत्तम, पण त्यावर मोठा सपाट वॉश नवशिक्याच्या हाताबाहेर जातो.

ब्लॉक घ्यायचा की सुटा ताव? ब्लॉकची पानं कडेने चिकटवलेली असतात, त्यामुळे ओला कागद सुकताना ताणून सपाट होतो. प्रवासात, बाहेर बसून रंगवताना त्याला तोड नाही. मात्र चित्र सुकेपर्यंत खालचं पान अडकून राहतं, आणि चित्र ओलं असताना सोडवलं तर ते वाकडंच सुकतं. घरकामाला ५६ × ७६ सेंटीमीटरचा पूर्ण ताव घ्यावा. दोनदा मध्ये दुमडून फाडला की २८ × ३८ चे चार तुकडे होतात. तोच तुकडा जाड फळीवर असा ताणा: थंड पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवा, एका कोपऱ्याने धरून निथळा, १२ मिलिमीटरच्या प्लायवर ठेवा आणि ५ सेंटीमीटर रुंदीची तपकिरी गोंदपट्टी ओली करून चारही कडांना अर्धी कागदावर, अर्धी फळीवर लावा. फळी आडवी ठेवून रात्रभर सुकवा. उभी ठेवली तर पाणी खालच्या कडेला जमतं आणि ती पट्टी सुटते. हेअर ड्रायर वापरला तर कागद पट्टीच्या आधी आक्रसतो, मग पट्टी उचकटते किंवा कागद फाटतो. आधी व्हाइट टेप लावून बघणारे बरेच असतात. ओल्या कागदाला ती धरतच नाही.

कागद जुना किंवा दमटात राहिलेला असेल तर वॉश देताच मध्येच टिपकागदासारखे गडद ठिपके उमटतात. तिथलं सायझिंग मेलेलं असतं. ब्रश, रंग, हात कशालाही दोष देऊ नका. तो ताव मागच्या बाजूला पेन्सिलीच्या कामाला वापरा. नवा ताव प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, भिंतीपासून दूर, आडवा ठेवा.

रंगांच्या बाबतीत सल्ला उलटा आहे: कमी घ्या. विन्सर अँड न्यूटनची कॉटमनसारखी विद्यार्थी-श्रेणी शिकायला पुरते. नावापुढे 'ह्यू' लिहिलं असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी दुसरं वापरलं आहे एवढाच अर्थ. तो रंग वाईटच असतो असं नाही. नाव सोडा, ट्यूबवरचा रंगद्रव्याचा संकेतांक (उदा. पीबी २९) वाचा. एकच संकेतांक असेल तर रंग एका रंगद्रव्याचा, मिसळायला स्वच्छ. तीन संकेतांक असलेले दोन रंग एकत्र केले की सहा रंगद्रव्यांचा चिखल होतो. सहा ट्यूब पुरेशा आहेत: पीवाय १५४ पिवळा, पीव्ही १९ गुलाबी, पीबी २९ अल्ट्रामरीन, पीबी १५:३ थॅलो निळा, पीवाय ४३ यलो ऑकर आणि पीबीआर ७ बर्न्ट सिएना. काळा विकत घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट मिसळले की जवळजवळ काळा मिळतो, पाणी वाढवलं की सुंदर राखाडी, आणि कोल्ड प्रेसच्या खळग्यांत अल्ट्रामरीनचे कण बसून जी रवाळ झाक येते ती तयार काळ्यातून येत नाही. पीआर ८३, म्हणजे खरा अलिझरिन क्रिमझन, उन्हात फिका पडतो. खात्री करायची तर रंगाची पट्टी काढा, अर्धी जाड पुठ्ठ्याने झाका आणि उन्हाच्या खिडकीला काही आठवडे लावून ठेवा.

ब्रश दोनच: ८ किंवा १० नंबरचा गोल आणि २५ मिलिमीटरचा चपटा. गोल ब्रश पाण्यात बुडवून झटका. टोक आपोआप जुळलं तर घ्या, दोन शेंड्या राहिल्या तर परत ठेवा. पाण्याच्या भांड्यात उभा सोडला की टोक वाकतं आणि धातूच्या नळीत पाणी शिरून दांड्याचं लाकूड फुगतं.

आता शिल्प. हवेत सुकणारी माती सगळ्यांत आधी विकत घेतली जाते आणि तिच्याबद्दलच सर्वांत जास्त तक्रारी असतात. दोष मातीचा कमी, वापराचा जास्त. पाणी उडून गेलं की ती आक्रसते. आतला सांगाडा आक्रसत नाही. मग मातीला फाटण्यावाचून गत्यंतर नसतं. १५ सेंटीमीटरपर्यंतच्या वस्तूला ती झकास आहे. आत अॅल्युमिनियम फॉइलचा घट्ट दाबलेला गोळा ठेवा, वर मातीचा ६ ते १० मिलिमीटरचा सारख्या जाडीचा थर चढवा, आणि पहिले दोन दिवस सैलसर प्लॅस्टिकखाली सुकवा. पंख्याखाली नको. भेगा पडल्याच तर त्याच मातीची पाण्यात कालवून पेस्ट करा, भेगेच्या कडा खरवडा, ओल्या करा, मग भरा. नुसती ओली माती दाबून भरली तर ती सुकून गळून पडते. वार्निश मारलं तरी ही वस्तू बाहेर पावसात ठेवण्यासारखी होत नाही.

डोक्याचा अभ्यास किंवा मोठं शिल्प असेल तर साधी पाण्याची माती घ्या. चूक झाली तर मोडा, भिजवा, मळा, पुन्हा लावा. काम थांबवताना पिळलेलं ओलं कापड आणि त्यावर प्लॅस्टिक; नाक, कान, बोटं आधी सुकतात म्हणून तिथे कापडाची घडी दुहेरी. साचा काढायची ३० सेंटीमीटरची आकृती असेल तर तेलमेणाची प्लॅस्टिलिन सोयीची, ती सुकत नाही. फक्त पाकिटावर 'गंधकरहित' आहे ना ते बघा. गंधक असलेल्या प्लॅस्टिलिनवर प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉन (साच्याचं रबर, प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने जमणारं) ओतलं तर ते मातीला टेकलेल्या बाजूला जमतच नाही, चिकट राहतं, आणि साचा व मूळ काम दोन्ही हातचं जातं.

पण माती कोणतीही असो, उभी राहते ती तारेवर. ३० सेंटीमीटरच्या आकृतीला ३ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची तार, पाय आणि कणा दुहेरी पिळाचा, हात एकेरी. लोखंडी तार ओल्या मातीत गंजते आणि प्लास्टरमध्ये तांबूस डाग बाहेर येतात. पीळ घालताना एक टोक शिकंज्यात, दुसरं ड्रिलच्या चकमध्ये, वेग अगदी कमी. पीळ जास्त झाला की तार कडक होते आणि वाकवताना तुटते. या तारेवर १ मिलिमीटरची बारीक तार सैल गुंडाळा, नाहीतर माती गुळगुळीत तारेवर फिरत राहते. पाय नुसते फळीला ठोकू नका. १८ मिलिमीटरच्या प्लायवर फ्लँज (पाइप पकडणारी धातूची चकती) बसवून पाइप उभा करा आणि सांगाडा मागून कमरेपाशी त्याला बांधा. प्लायला आधी वार्निशचे दोन हात द्या. कोरं लाकूड मातीतलं पाणी ओढतं आणि तळाशीच भेगा पडतात.

कोपरातून किंवा गुडघ्यातून तार बाहेर डोकावते, याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: सांगाडा सरळ बांधला, माती चढवली आणि मग पोझ वाकवली. आकृती आधी कागदावर पूर्ण मापात काढा, तार त्या रेषेवर ठेवून सांधे पेनाने खुणवा, पोझ तारेतच पूर्ण वाकवा, मग माती. डोक्याच्या माथ्याखाली तार किमान १ सेंटीमीटर आत हवी. खऱ्या मापाच्या डोक्यात लाकडाच्या दोन चपट्या काड्या अधिकचिन्हासारख्या बांधून बारीक तारेने आत टांगतात, त्याला बटरफ्लाय म्हणतात. कवटीची आणि जबड्याची जड माती त्यांच्यावर तोलली जाते. हा दहा मिनिटांचा खटाटोप टाळला की चौथ्या दिवशी हनुवटी छातीकडे घसरायला लागते.

मातीच्या कामाची प्रत साच्यात ओतून काढायची, म्हणजे कास्ट करायची, तर प्लास्टर कास्टिंगच्या जातीचं घ्या, आणि पाकीट नुकतं उघडलेलं असावं. हवेतली ओल प्यायलेलं प्लास्टर नीट जमत नाही आणि गुठळ्या होतात. प्रमाण पाकिटावरचंच पाळा. साधारण १ लिटर पाण्याला १.४ किलोच्या आसपास असतं. प्लास्टर पाण्यात भुरभुरवा, पाणी प्लास्टरवर ओतू नका. दोन मिनिटं भिजू द्या, मग हात तळाशी ठेवून ढवळा म्हणजे बुडबुडे शिरत नाहीत. दाट सायीसारखं झालं की ओता. जमायला लागलेल्या प्लास्टरमध्ये पाणी घालून ते पुन्हा पातळ केलं तर कास्ट ठिसूळ निघतं. मिश्रण जमताना तापतं, म्हणून हात किंवा चेहरा प्लास्टरच्या जाड थरात कधीच अडकवू नका, भाजतं. भुकटी हाताळताना मास्क लावा.

वेस्ट मोल्ड, म्हणजे एकदाच वापरून फोडायचा साचा, करताना पहिल्या पातळ थराच्या पाण्यात थोडी नीळ घाला. कास्ट ओतून साचा छिन्नीने फोडताना पांढऱ्यातून निळा थर दिसला की हात हलका करायचा, कारण कास्टचा पृष्ठभाग त्या थराच्या लगेच खाली असतो. साच्याच्या आतून मऊ साबणाचे तीन हात देऊन जादा फेस पुसून घ्या. साबण कमी पडला तर दोन प्लास्टर एकजीव होतात, आणि मग नीळ असूनही नाकाचा शेंडा साच्याबरोबर जातो.

उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका, ते पाइपात दगड होऊन बसतं. लवचिक प्लॅस्टिकच्या बादलीत जमू द्या, बादली दाबली की तुकडे सुटतात. आणि साच्यातून निघालेली माती वेगळ्या डब्यात ठेवून त्यावर 'प्लास्टर' असं मोठ्या अक्षरांत लिहा. ती पुढच्या साच्याच्या कामाला चालते, भट्टीच्या कामाला नाही: मातीत राहिलेला प्लास्टरचा एखादा खडाही भाजल्यानंतर ओल ओढून फुगतो आणि भांड्याची कपची उडवतो.