दिल्लीचा भिंतीवरचा नकाशा: ठाण्यात घेताना काय बघाल

नौपाड्यात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांसोबत मिळणारा दिल्लीचा मराठी नकाशा ७५ बाय १०० सेंमीचा आहे. प्रमाण १:७५,०००, म्हणजे १ सेंमीला ७५० मीटर. १,४८३ चौ. किमीचा अख्खा राजधानी प्रदेश त्यात बसतो आणि बाजूला जुन्या सीमांचे छोटे नकाशेही मावतात. जरूर घ्या, फक्त दोन दुरुस्त्या पेनाने करा.

भूगोल फार सुंदर उतरलाय. खादर, म्हणजे यमुनेच्या पुराची जमीन, फिकट हिरवी. बांगर, म्हणजे जुना उंच गाळ, पिवळसर. अरवलीची तपकिरी धार दक्षिणेकडून तिरकी वर येत वझिराबादजवळ नदीला भिडते. डोंगर आणि नदीमधल्या त्या त्रिकोणातच राजधान्या पुन्हापुन्हा का वसल्या, ते नुसत्या रंगांवरून कळतं.

चूक इतिहासाच्या चौकटीत आहे. १ ऑक्टोबर १९१२ ला दिल्ली पंजाबातून वेगळी झाली, तेव्हा यमुनेपलीकडचा भाग तिच्यात नव्हता. तिकडची ६५ गावं संयुक्त प्रांतातून, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाकडून, १९१५ मध्ये आली. नकाशात मात्र नदीपलीकडचा शहादरा १९१२ लाच दिल्लीत रंगवलाय. दुसरी चूक, नवी दिल्ली जिल्हा आणि नवी दिल्ली नगरपालिका परिषद एकाच रंगात. परिषदेची हद्द जेमतेम ४२.७ चौ. किमी आहे, ती वेगळी आखून घ्या. १९५६ चा केंद्रशासित दर्जा आणि ६९ व्या घटनादुरुस्तीने आलेली विधानसभा, या नोंदी बरोबर आहेत.

एनसीआरची, म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्राची, चौकट उत्तम. ठाणे, नवी मुंबई एमएमआरमध्ये (मुंबई महानगर प्रदेशात) असूनही मुंबई महापालिकेत नाहीत, तसेच नोएडा आणि गुरुग्राम एनसीआरमध्ये आहेत, दिल्लीत नाहीत. शिवाय इथे राज्यच बदलतं: नोएडा उत्तर प्रदेशात, गुरुग्राम हरियाणात.

घडी घातलेली प्रत नको, गुंडाळीच मागा. घडीवर लॅमिनेशन तडकतं आणि नेमकी ओखल्याजवळची अक्षरं जातात. चकचकीत फिल्मवर ट्यूबलाइट चमकते, म्हणून मॅट घ्या. कडेला कागदाबाहेर ५ मिमी फिल्म सोडायला सांगा. कागदापर्यंत कापली तर आपल्याकडच्या पावसाळ्यात कडेतून ओल शिरते आणि कोपरे वळतात. वर-खाली लाकडी पट्टी लावा आणि बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका.