कीबोर्ड अ‍ॅम्प घ्यावा की पॉवर्ड स्पीकर?

घरच्या रियाझाला कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर पुरतात. परंतु भजनात टाळ, पखवाज आणि दहा-बारा गळे एकत्र आले, की तो आवाज खुद्द वादकालाही ऐकू येत नाही. अशा वेळी तीन पर्याय समोर येतात: गिटारचा अ‍ॅम्प, खास कीबोर्डसाठी बनवलेला अ‍ॅम्प आणि पॉवर्ड स्पीकर, म्हणजे ज्याच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो तो.

गिटारचा अ‍ॅम्प अनेकांच्या घरी आधीपासून असतो, म्हणून त्याचा विचार प्रथम करू. गिटारची सर्वांत खर्जातली तार सुमारे ८२ हर्ट्‌झला वाजते, तर ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डची पहिली पट्टी सुमारे ६५ आणि ८८ पट्ट्यांच्या कीबोर्डची २७.५ हर्ट्‌झला, शिवाय या अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण ५००० हर्ट्‌झच्या वर झपाट्याने मंदावतो. गिटारला हे शोभून दिसते, कारण तो अ‍ॅम्प आवाजाला स्वतःचा रंग देण्यासाठीच घडवलेला असतो. कीबोर्डवरचा केरवा मी अशा अ‍ॅम्पवर लावून पाहिला, तेव्हा चाटेवरचा ‘ना’ बोथट झाला, डग्ग्याचा ‘गे’ फाटू लागला आणि बासरीतली फुंक तर नाहीशीच झाली. रोलंडचा १९७५ पासूनचा जेसी-१२० हा स्वच्छ आवाजाचा अ‍ॅम्प अपवाद म्हणावा लागेल, तरी केवळ कीबोर्डसाठी तो विकत घ्यावा असे मला वाटत नाही.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. रोलंडच्या केसी मालिकेतील केसी-२०० हा १०० वॅटचा, १२ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प पाहिला, तर त्यात चार चॅनेल असल्यामुळे कीबोर्ड, गायकाचा माइक आणि मोबाइलवरचा तानपुरा एकाच पेटीत येतात, आणि प्रत्येकाचा आवाज वादकाला बसल्या जागी कमी-जास्त करता येतो. छोट्या खोलीतील बैठकीला किंवा गायनाच्या वर्गाला याहून सोयीचे काही नाही. मात्र ही पेटी जड असते आणि सहसा जमिनीवरच ठेवली जाते, त्यामुळे पुढच्या रांगेला आवाज जास्त आणि मागच्यांना अपुरा, अशी तक्रार मंगल कार्यालयात हमखास येते.

यामाहाचा डीबीआर१० हा पॉवर्ड स्पीकर अवघा साडेदहा किलोचा आहे. तो स्टँडवर चढवला, की आवाज श्रोत्यांच्या डोक्यांवरून शेवटच्या रांगेपर्यंत जातो, आणि पुढे दुसरा जोडला तर पियानोचा स्टिरिओ विस्तारही मिळतो. चॅनेल मात्र दोनच आहेत, म्हणजे तिसरे काही जोडायचे झाल्यास छोटा मिक्सर घ्यावा लागतो. त्याच्यावरचा ७०० वॅट हा आकडा क्षणिक कमाल शक्तीचा आहे, तेव्हा तो केसी-२०० च्या १०० वॅटशी सरळ ताडून पाहू नये. आणि शक्ती दुप्पट झाली तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, हेही ध्यानात असावे. ज्या भजनी मंडळाला एकच वस्तू घेणे परवडते, त्याने माझ्या मते पॉवर्ड स्पीकरच घ्यावा.

जोडणीकडे मात्र फार दुर्लक्ष होते, आणि चांगल्या यंत्राचाही आवाज तिथेच बिघडतो. एकच स्पीकर असेल तर कीबोर्डच्या मागील ‘एल/मोनो’ लिहिलेल्या जॅकमध्येच केबल लावावी. लहान कीबोर्डना केवळ हेडफोनचा जॅक असतो. त्यात मोनो पिन खुपसली, की उजव्या बाजूचा सिग्नल शॉर्ट होतो, म्हणून एका टोकाला स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिन असलेली केबल घेऊन त्या दोन पिना दोन वेगळ्या इनपुटमध्ये लावाव्यात.

दुकानात जाताना आपलाच कीबोर्ड आणि आपलीच केबल बरोबर न्यावी. खर्जातला पियानो, तबल्याचा ठेका आणि बासरी, हे तिन्ही आवाज कार्यक्रमात लागेल तेवढ्या मोठ्याने वाजवावेत, आणि सोबत्याला वाजवायला बसवून स्वतः पंधरा-वीस पावले लांब उभे राहून ऐकावे.