‘नजर’ शिकवणारा वर्ग आणि माझे एक लाख चार हजार पाचशे रुपये

मे २०२२ मध्ये मी पुण्यातील एका शाळेतून मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, छायाचित्रण ही कला म्हणून शिकावे या हौसेपायी, एका खासगी संस्थेच्या वर्गात दाखल झाले. डिसेंबर संपेपर्यंत माझे एक लाख चार हजार पाचशे रुपये गेले होते: ३८,००० फीचे, ५४,५०० कॅमेऱ्याचे आणि १२,००० प्रदर्शनाचे. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण प्रकरणाचा काही भाग अजून मिटलेला नाही. मात्र काय घडले ते तपशिलाने सांगणे मला आवश्यक वाटते, कारण माझ्यावर कोणी धाकदपटशा केला नव्हता; माझे अज्ञान आणि ‘कला’ या शब्दाविषयीचा माझा आदर, एवढ्याच भांडवलावर हा सारा व्यवहार झाला.

सुरुवात रविवारच्या एका मोफत व्याख्यानाने झाली. चाळीसेक माणसे होती, त्यांत माझ्यासारखे निवृत्त बरेच. पडद्यावर एकापेक्षा एक सुंदर छायाचित्रे दाखवली गेली आणि व्याख्यात्यांनी सांगितले की तंत्र काय, कोणीही शिकवतो, आम्ही नजर शिकवतो. हे वाक्य मला फार आवडले. कविता शिकवताना मीही तेहतीस वर्षे जवळजवळ हेच म्हणत आले होते, त्यामुळे समोरचा माणूस आपल्याच गोत्रातला आहे असे वाटून गेले. फी पंचेचाळीस हजार, पण आजच भरल्यास अडतीस. मी तिथल्या तिथे मोबाइलवरून पैसे पाठवले, तेही संस्थेच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यावर, आणि पावती म्हणून व्हॉट्सॲपवर ‘रिसीव्हड, वेलकम मॅडम’ एवढाच मजकूर आला. घरकाम करणाऱ्या मावशींना शंभर रुपये दिले तरी वहीत लिहिणारी मी, त्या दिवशी पक्की पावती मागायला विसरले नाही; मागायला संकोचले, हे अधिक खरे आहे.

बारा रविवार, प्रत्येकी तीन तास आणि तीन सहली असा अभ्यासक्रम ठरला होता. प्रत्यक्षात सात वर्ग आणि एक सहल झाली. त्या सात वर्गांत कॅमेऱ्यावरची चकती ‘ऑटो’वरच, म्हणजे सगळे कॅमेऱ्यानेच ठरवावे अशा खुणेवर, ठेवायला सांगितली होती. मी एका रविवारी विचारले की एफ/८ आणि एफ/१६ हे आकडे कसले आहेत आणि आकडा वाढला की चित्र काळवंडते ते का. उत्तर मिळाले, “मॅडम, तंत्राच्या मागे लागू नका. आधी नजर तयार होऊ द्या.” वर्ग हसला, मीही हसले आणि खाली बसले. पुढे कोणी काहीही विचारले की हेच उत्तर येई. नजर तयार व्हायला वेळ लागतो ही गोष्ट खरीच आहे, आणि म्हणूनच तिच्या आड लपणे सोपे जाते: गणिताच्या शिकवणीत मुलाला गणित आले नाही तर ते महिन्याभरात दिसते, पण नजर आली की नाही हे नवशिक्याला कळणार कसे, आणि ती आली नाही तर दोष शिकवणाऱ्याचा की आपला?

जे मला चार महिन्यांत कळले नाही, ते पुढे दहा मिनिटांत कळले, म्हणून ते इथे लिहून ठेवते. भिंगाच्या नाभीय अंतराला, म्हणजे भिंगापासून लांबच्या वस्तूचे चित्र उमटते तिथपर्यंतच्या अंतराला, आत प्रकाश सोडणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागले की ‘एफ’पुढचा हा आकडा येतो. भिंग पन्नास मिलिमीटरचे आणि छिद्र पंचवीस मिलिमीटरचे असेल तर ते एफ/२. म्हणजे आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते, आणि एफ/८ वरून एफ/१६ वर गेले की आत येणारा प्रकाश चौथा हिस्साच उरतो. आपण लांबचे नीट दिसावे म्हणून डोळे बारीक करतो, तसे छिद्र बारीक केले की जवळचे आणि लांबचे दोन्ही स्पष्ट येते. यात अवघड काहीच नाही. १८५५ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला होता. म्हणजे ही विद्या आपल्याकडे वर्गात बसून शिकण्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. त्या काळी रसायनांचे प्रमाण चुकले तर हाती काहीच लागत नसे, त्यामुळे तेव्हाच्या मास्तरांना नजरेच्या आड लपण्याची सोय नव्हती. ती सोय ‘ऑटो’ने करून दिली.

दुसऱ्या महिन्यात कॅमेऱ्याचा विषय निघाला. तोवर मी मोबाइलवरच फोटो काढत होते. ‘कला म्हणून करायचे तर साधन हवे’ असे सांगून संस्थेने ‘विद्यार्थी सवलतीत’ कॅमेरे मागवून देण्याची तयारी दाखवली. माझ्या वाट्याला आलेला कॅमेरा निकॉनचा होता, १८-५५ च्या लेन्ससह. त्यात कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचा काही दोष नाही. खोके कोरे, आत प्लास्टिक जिथल्या तिथे, आणि पहिला फोटो काढला तेव्हा फाइलचे नाव ‘डीएससी_०००१’ असे आले, म्हणून तो नवाच असणार याबद्दल मला शंका उरली नाही. बिलाचे विचारल्यावर वहीतून फाडलेल्या कागदावर रक्कम लिहून मिळाली. पक्के बिल हवे तर अठरा टक्के जीएसटी वेगळा पडेल, असे सांगितल्यावर मी ते नको म्हटले. हा माझाही अपराध आहे आणि तो मी लपवत नाही. वॉरंटीचे कार्ड होते, पण त्यावर विक्रेत्याचा शिक्का नव्हता, आणि आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव आणि कमाल किंमत दाखवणारे जे लेबल असावे लागते, ते कुठेही नव्हते.

हे सगळे माझ्या लक्षात आणून दिले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो आता एका दैनिकात छायाचित्रकार आहे. जानेवारी २०२३ मध्ये तो सहज घरी आला, मी कौतुकाने कॅमेरा दाखवला, आणि त्याने तो हातात घेताच अंगठा टेकतो त्या जागेवरच्या रबराचा कोपरा नखाने हळूच उचलून पाहिला. कोपरा सुटलेला होता.

“बाई, हा नवीन घेतलात?”

मी हो म्हटले. त्याने कॅमेरा उलटा करून तळावरचा क्रमांक वाचला आणि मला खोक्यावरचा वाचायला सांगितला. दोन्हींतले शेवटचे चार आकडे वेगळे होते. मग त्याने छिद्र एफ/२२ वर नेले, दिवाणखान्यातल्या पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम अस्पष्ट फोटो काढला आणि तो मोठा करून दाखवला: भिंतीवर नसलेले सात-आठ करडे ठिपके त्यात होते. ती सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या आतल्या पट्टीवर, बसलेली धूळ. शेवटी त्याने कार्डावरची एक ताजी, न बदललेली फाइल संगणकावर उघडून तिच्या पोटात नोंदलेली माहिती काढली. निकॉनचे असे कॅमेरे प्रत्येक फोटोत शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, आजवर किती वेळा उघडले याची संख्या लिहून ठेवतात. ती ४१,३१२ होती. माझ्या हातून तोवर फार तर दोन हजार फोटो निघाले असतील. फाइलच्या नावातले आकडे मेनूतून पुन्हा एकपासून सुरू करता येतात, आतली ही मोजणी मात्र तशीच राहते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ही माहिती गळून पडते, म्हणून कार्डावरची मूळ फाइलच तपासावी लागते, हेही त्यानेच सांगितले. अशा कॅमेऱ्यांचे शटर साधारण एक लाखाच्या हिशेबाने बनवलेले असते. म्हणजे माझ्या ‘नव्या’ कॅमेऱ्याने आयुष्याचा बराच पल्ला माझ्याकडे येण्याआधीच गाठला होता.

प्रदर्शनाची हकिकत याच्या थोडी आधीची. नोव्हेंबरमध्ये निरोप आला की माझी दोन छायाचित्रे निवडली गेली आहेत. आमची एकुलती एक सहल पुण्यातल्या तांबट आळीत, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या वस्तीत, झाली होती, तिथे काढलेली ती चित्रे होती. फ्रेम आणि दालनाच्या खर्चापोटी प्रत्येकी सहा हजार मागितले. निवड झाली या आनंदात मी ते दिले, आणि तिथे गेल्यावर पाहिले तर आमच्या आणि आधीच्या दोन तुकड्यांतल्या ज्यांनी ज्यांनी पैसे भरले त्या सगळ्यांचीच निवड झाली होती. भिंतीवर साठ फ्रेम होत्या. साठांना सहा हजारांनी गुणण्याइतके गणित मलाही येते. पालिकेची कलादालने अर्ज करून आणि भाडे भरून कोणालाही घेता येतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. मुंबईच्या जहांगीर कलादालनासारख्या ठिकाणी निवड समिती असते आणि तारखेसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. ‘निवड’ हा शब्द तिथे शोभतो. आमचे प्रदर्शन दीड दिवस चालले आणि पाहायला आलेले बहुतेक सगळे आमचेच नातेवाईक होते.

प्रमाणपत्र त्याच दिवशी मिळाले. त्यावर ‘आयएसओ प्रमाणित संस्था’ असे सोनेरी अक्षरांत छापले आहे. असे प्रमाणपत्र फार तर संस्थेच्या कामाच्या पद्धतीबद्दल काही सांगते, शिकवण्याचा दर्जा त्यातून कळत नाही. गंमत म्हणजे कॅमेऱ्यातली संवेदनशीलता ज्या आयएसओ आकड्यात मोजतात तो त्याच मानक संघटनेच्या नावावरून आला आहे, आणि तो आकडा वाढवला की चित्रात दाणे येतात एवढीही माहिती आम्हाला वर्गात मिळाली नव्हती.

प्रदर्शनाच्या अर्जावर खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: सादर केलेल्या छायाचित्रांचे सर्व हक्क कायमस्वरूपी संस्थेकडे राहतील. ‘वाचल्याशिवाय सही करू नये’ हे मुलांना शिकवून शिकवून थकलेल्या मी त्याखाली सही केली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती, मग ती नवशिकी का असेना. आणि हे हक्क दुसऱ्याकडे जातात ते केवळ सही केलेल्या लेखी कराराने. तो करार मी स्वतःच बारा हजार रुपये मोजून करून दिला होता. फेब्रुवारीत संस्थेच्या नव्या तुकडीच्या जाहिरातीत माझा तांबट होता, खाली माझे नाव नव्हते. तेव्हा मला उलगडले की त्या पहिल्या रविवारी पडद्यावर पाहून आपण भारावलो ती चित्रेही बहुधा अशीच कोणाकोणाची असतील. माझ्या विद्यार्थ्याने त्यांपैकी दोन चित्रे इंटरनेटवर चित्रावरून शोधून पाहिली, तर ती दुसऱ्याच देशातल्या छायाचित्रकारांच्या पानांवर सापडली.

आम्ही दोघे पुढे दर शनिवारी सकाळी तांबट आळीत जाऊ लागलो. त्याने मला घणाचा घाव वेगवेगळ्या वेगाने, म्हणजे शटर सेकंदाचा कितवा हिस्सा उघडे राहते ते बदलून, टिपायला लावला. एक पंचमांश शतक, असे काहीबाही आकडे मी सुरुवातीला बोलत असे; तो शांतपणे दुरुस्त करी, “बाई, एक छेद पाचशे.” १/५०० ला हातोडी हवेत गोठते आणि चित्र मुके होते. १/६० ला ती नुसतीच हललेली, चुकल्यासारखी दिसते. १/१५ ला, कोपर पोटाशी दाबून आणि श्वास रोखून काढले, तर तांबटाचा खांदा आणि मांडीवरचे पातेले स्थिर राहते, हातोडीची मात्र एक तांबूस रेघ उमटते, आणि आवाज ऐकू यावा असे ते चित्र होते. या तिघांतले कोणते निवडायचे हा नजरेचा प्रश्न आहे, पण तीन पर्याय आहेत हे सांगणारे तंत्रच आहे. ज्याने मला ते सांगितले नाही, त्याने मला नजर तरी कशाची शिकवली?

पैसे परत मागितल्यावर संस्थेचे उत्तर ‘फी नॉन-रिफंडेबल’ एवढेच होते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि एका वकिलांच्या मदतीने नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवली. तिच्यासोबत दोन्ही क्रमांकांचे फोटो, ४१,३१२ चा आकडा दिसणारे पान आणि तो फाडलेला कागद जोडला. मला वाटले होते त्यापेक्षा हे सोपे होते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. व्हॉट्सॲपचा तो ‘वेलकम मॅडम’ संदेश आणि बँकेचा उतारा मिळून पावतीचे काम भागले. न झालेल्या पाच वर्गांच्या फीची आणि प्रदर्शनाच्या पैशांची तक्रार आयोगापुढे आहे.

कॅमेऱ्याचे ५४,५०० रुपये मात्र एप्रिल २०२३ मध्ये निमूटपणे परत मिळाले, कॅमेरा खोक्यासकट परत करण्याच्या अटीवर. मी तो दिला. देण्याआधी शेवटची फाइल तपासली तेव्हा मोजणी ४३,८७० होती. अंगठ्याजवळच्या रबराचा उजवीकडचा खालचा कोपरा सुटलेला आहे, आणि लेन्सच्या कडेवर, १८ या आकड्याशेजारी, तांबट आळीतल्या ओट्याला घासून पडलेला केसाएवढा ओरखडा आहे. पुण्यात कोणाला असा कॅमेरा कोऱ्या खोक्यात, विद्यार्थी सवलतीत मिळाला असेल, तर त्यांनी तळावरचा क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा.