कॅक्टाय आणि प्रोसेसरचा आलेख: मोजणी चोख, मोजपट्टी अपुरी

सर्व्हरांवर लक्ष ठेवण्यासाठी मी गेली काही वर्षे कॅक्टाय वापरतो आहे. २००१ साली प्रथम उपलब्ध झालेले हे मुक्त सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी एसएनएमपी या नेटवर्कवरील यंत्रांची स्थिती विचारण्याच्या पद्धतीमार्फत यंत्रांकडून आकडे गोळा करते, ते आरआरडीटूल या काळानुसार आकडे साठवणाऱ्या साधनाच्या ठरावीक आकाराच्या फायलींत साठवते आणि त्यांवरून आलेख काढते. स्विचच्या पोर्टवरील वाहतूक पाहण्यासाठी याहून भरवशाचे साधन मला सापडलेले नाही. प्रोसेसरच्या आलेखाबद्दल मात्र तितक्या ठामपणे बोलता येत नाही.

लिनक्स सर्व्हरसाठी सोबत मिळणारे यूसीडी-नेटचे (लिनक्सवर एसएनएमपीला उत्तरे देणारा प्रोग्रॅम) सीपीयू टेम्प्लेट, म्हणजे प्रोसेसरच्या आलेखाचा तयार साचा, एका कोअरच्या (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) यंत्रावर सुरळीत चालते. आठ कोअरच्या यंत्रावर तोच आलेख १००च्या वर चढतो, किंवा जुन्या टेम्प्लेटच्या बाबतीत, ऐन भाराच्या वेळी त्यात रिकामी जागा दिसते. एसएनएमपीकडून इथे टक्केवारी येतच नाही. यंत्र सुरू झाल्यापासून साचलेल्या ठोक्यांची, म्हणजे प्रोसेसरचा वेळ मोजण्याच्या छोट्या एककांची, मोजणी येते. प्रत्येक कोअरचे सेकंदाला १०० ठोके धरले जात असल्याने एका कोअरवर ठोक्यांचा दर आणि टक्केवारी योगायोगाने सारखी पडते, पण आठ कोअरवर तो दर ८००पर्यंत पोहोचतो. त्या जुन्या टेम्प्लेटमध्ये कमाल मर्यादा १०० ठेवलेली होती, आणि आरआरडीटूल मर्यादेबाहेरचा आकडा १००वर छाटत नाही, तर अज्ञात ठरवून सरळ टाकून देते.

यावर ती मर्यादाच काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. यंत्र रीबूट झाले की मोजणी शून्यावर येते, आरआरडीटूलला वाटते की मोजक भरून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, आणि आलेखात एक अवाढव्य सुळका उभा राहून बाकी सारे त्याच्या पायाशी चपटे होते. मर्यादा कोअरच्या संख्येला १००ने गुणून, किंचित वर ठेवावी. टेम्प्लेटमधला बदल आधीच तयार झालेल्या फायलींना लागू होत नाही, त्यांच्यावर आरआरडीटूलची ‘ट्यून’ आज्ञा वेगळी चालवावी लागते. त्यानंतर सीडेफमध्ये, म्हणजे आलेख काढताना आकड्यांना लावायच्या सूत्रात, कोअरच्या संख्येने भागाकार केला की खरी टक्केवारी दिसते. पण चार आणि सोळा कोअरच्या यंत्रांसाठी दोन वेगळी टेम्प्लेट सांभाळायची, हे मला आजही कंटाळवाणे वाटते.

होस्ट एमआयबीमधून, म्हणजे एसएनएमपीतून मिळणाऱ्या यंत्राविषयीच्या आकड्यांच्या प्रमाणित यादीतून, प्रत्येक कोअरची तयार टक्केवारी घेणे हा सोपा पर्याय दिसतो. मात्र तो आकडा फक्त शेवटच्या एका मिनिटाची सरासरी असतो, म्हणजे पाच मिनिटांच्या फेरीतली चार मिनिटे नजरेआड राहतात. साचत गेलेल्या मोजणीत एकही सेकंद निसटत नाही, म्हणून खटाटोप करूनही मी तीच वापरतो.

आणखी दोन उणिवा आहेत. मूळ टेम्प्लेट युझर (वापरातले प्रोग्रॅम), सिस्टिम (ऑपरेटिंग सिस्टिमचे काम) आणि नाइस (कमी प्राधान्याचे प्रोग्रॅम) एवढ्यांच्याच वेळांची बेरीज करते. डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ आणि व्हर्च्युअल मशीनवर हायपरव्हायझरने (एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) दुसऱ्यांना दिलेला वेळ तीत धरलेला नसतो, त्यामुळे आलेख शांत असताना संकेतस्थळ रखडलेले असू शकते. दुसरे असे की साप्ताहिक आलेख अर्ध्या तासाच्या सरासरीवर काढला जातो, म्हणून दहा मिनिटे पूर्ण भरलेला आणि एरवी रिकामा प्रोसेसर तिथे जेमतेम ३३ टक्के दिसतो. कमाल मूल्ये फायलीत साठवलेली असतात. त्यांची रेषा आलेखात आपणच जोडावी.

पडताळणी लिनक्सच्या टॉप या आज्ञेशी करू नये, कारण ते काही सेकंदांचे चित्र दाखवते. सिसस्टॅट या साधनसंचातल्या ‘सार’ या आज्ञेला ३०० सेकंदांची एक फेरी घ्यायला सांगून तो आकडा आलेखातल्या त्याच पाच मिनिटांशी ताडावा. वरील दुरुस्त्यांनंतर माझ्याकडे दोन्हींत एखाद्या टक्क्याचाच फरक राहतो.